थोरलीचे ब्रेक

नदीवरच्या पुलाचा मधला खांब खचला आणि दुधाच्या गाड्यांना अख्ख्या हंगामासाठी टेकडीवरचा रस्ता धरावा लागला. खालच्या रस्त्यानं दूध केंद्र पाऊण तासावर होतं. टेकडीवरून दीड तास लागायचा, आणि टेकडी म्हटली की दोन्ही अंगांना उतार आलाच. गावाकडे पाच वळणं, केंद्राकडे सात. चढताना गाडीची परीक्षा आणि उतरताना ड्रायव्हरची, असं गावातून दुधाची फेरी करणारा म्हातारा पहिल्या दिवशी ऐटीत म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी केंद्राकडच्या पाचव्या वळणावर त्याचेच ब्रेक गेले.

पेडल नुसतं खाली खाली जात राहिलं. पुढच्या चाकांतून जळक्या ब्रेक लायनरचा वास आणि निळा धूर यायला लागला. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांची अक्कल पणाला लावून गाडी डावीकडच्या मातीच्या दरडीला घासत नेली आणि थांबवली. माणूस शाबूत राहिला. गाडीचा एक गाल सोलून निघाला आणि सहा कॅन उलटले. सात घरांचं सकाळचं दूध रस्त्यावरून खाली वाहत गेलं आणि सगळ्यांच्या आधी केंद्रापाशी पोचलं, असं नंतर टेम्पोवाला ज्याला त्याला सांगत सुटला.

टेम्पोवाल्याला सांगायला कारण होतं. त्याचा टेम्पो कोरा करकरीत होता आणि म्हाताऱ्याच्या फेरीवर त्याचा दोन वर्षांपासून डोळा होता. केंद्राचा साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं चार दिवस दिले. "तोवर हा टेम्पोवाला दूध आणेल. पाचव्या दिवशी गाडी इथं आणायची, पुऱ्या वजनानिशी माझ्या डोळ्यांदेखत थांबवून दाखवायची. थांबली तर फेरी तुमची. नाही थांबली तर मला बोल लावायचा नाही."

गाडीला गावात थोरली म्हणत. म्हाताऱ्यानं ती घेतली तेव्हाच जुनी होती, आणि मुलगी जन्मली त्याच्या चार वर्षं आधी ती दारात उभी राहिली होती. म्हणून गाडी थोरली आणि मुलगी धाकटी. पुढे धाकटीचं लग्न झालं, नवरा फिटर मिळाला. सासऱ्याचं घर मोठं आणि त्यात माणसं दोनच, म्हणून नवराबायको तिथंच राहायला आली. त्याला नऊ वर्षं झाली. फिटर बाजारगावच्या वर्कशॉपमध्ये पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, संध्याकाळी घरी यायचा, पानात पडेल ते खायचा. सासरा त्याला अजून 'पाहुणे' म्हणून हाक मारी. जावयाला तसं म्हणतातच, त्यात वावगं काही नाही. पण नऊ वर्षं रोज त्याच घरात पाहुणा असणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

दूध सांडलं त्या संध्याकाळी धाकटी भांडी पालथी घालता घालता नवऱ्याला म्हणाली, "बाबांच्या हातातून गाडी जाता कामा नये. गाडी गेली की बाबा बसतील. आणि एकदा बसले की उठायचे नाहीत."

"नाही जाणार," फिटर म्हणाला. "पुढची दोन्ही चाकं डिस्कची करतो. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, मग पाय कितीही दाबा. डिस्कला चोहोबाजूंनी वारा. मामाच चालवतील गाडी, मी सांगतो ना."

हे त्यानं जरा मोठ्यानंच सांगितलं. बाहेर ओट्यावर म्हातारा बसला होता, त्याला ऐकू जावं म्हणून.

"चाळीस वर्षं ड्रमवरच चालली," ओट्यावरून आवाज आला. "ड्रमवर थुंकून बघायचं. चर्र झालं की सावलीला थांबायचं. एवढं कळत असलं की झालं."

"मग आज सकाळी थुंकला का नाहीत?" आतून सासू म्हणाली.

सकाळी फिटरनं वर्कशॉपला सुट्टी टाकली आणि थोरलीला अंगणात जॅकवर घेतलं. मागच्या चाकांना दगड, ॲक्सलखाली लाकडी ठोकळे. चाकं निघाली, ड्रम निघेना. तेल सोडलं, हातोडीनं चहूकडून ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. दुपार कलल्यावर एकदाचा तो सुटला आणि फिटरच्या मांडीवर आला. आतून निळा पडला होता. लायनरला चिरा गेल्या होत्या, हात लावला की काळी भुकटी निघत होती. म्हातारा उपड्या बादलीवर बसून हे सगळं बघत होता. उजवा पाय पुढे लांब केलेला, गुडघ्यावर तळवा. गेल्या वर्षी भरलेला कॅन त्या गुडघ्यावर पडला तेव्हापासून तो ओट्याची पायरीसुद्धा डावा पाय आधी टाकून चढायचा. विचारलं तर म्हणायचा, गुडघा ठणठणीत आहे, पायरीच उंच झाली आहे.

डिस्क आणायला फिटर भंगारवाल्याकडे गेला. तिथं एक व्हॅन मागून पार चेपून पडली होती, पुढून मात्र धडधाकट. दोघांनी मिळून तिच्या डिस्क, त्यांना दोन्हीकडून चिमटणारे कॅलिपर, नळ्या उतरवल्या. भंगारवाल्यानं इंजिनच्या बाजूचा एक काळा, पातेल्याएवढा डबा पायानं ढकलला. "हा बुस्टर पण घेऊन जा, पायाचा जोर वाढवतो. डिस्कला पाय जड लागतो."

"जागा नाही. पेडलच्या समोर स्टिअरिंगचा खांब येतो. मी माप घेतलंय."

"बघ बाबा. ड्रमचं कसं असतं, चाक फिरतं तसा लायनर आपला आपणच आत ओढला जातो. अर्धा जोर गाडीच लावते. डिस्क असली लाडीगोडी करत नाही. जेवढा पाय तेवढा ब्रेक."

"थोडं जड लागेल, एवढंच ना?"

"एवढंच," भंगारवाला म्हणाला. "पाय कुणाचा आहे त्यावर आहे."

फिटरनं हे ऐकलं. ऐकलं नाही असं त्याला पुढे कधी म्हणता आलं नाही. पण हातात चार दिवस होते, त्यातला एक संपला होता, आणि मनात कॅलिपर बसवायच्या कंसांची आकृती तयार झाली होती. डोक्यात काम शिरलं की कान कामातून जातात.

दुसरा दिवस कंसांतच गेला. कॅलिपर धरायला जाड पत्र्याचे दोन कंस कापायचे, त्यांना भोकं पाडायची, आणि ती जुन्या ॲक्सलच्या भोकांवर तंतोतंत यायला हवीत. डावा कंस पहिल्याच फटक्यात बसला. उजव्याचं एक भोक केसभर चुकलं. केसभर म्हणजे बोल्ट तोंडाशी येऊन अडायचा. नवा कंस कापायला पत्रा नव्हता. फिटर गोल कानस घेऊन बसला आणि ऊन अंगणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाईस्तोवर घासत राहिला. बोटांची सालं निघाली. म्हातारा बादली उचलून सावलीबरोबर सरकत होता.

"पाहुणे, नदीवरचा पूल तुमच्या आधी होईल," तो म्हणाला.

"होऊ दे, मामा. मग खालूनच जा."

धाकटी हसली, म्हातारा हसला नाही. पण संध्याकाळी सासूनं चहा बाहेर आणला तेव्हा त्यानं आपल्या आधी जावयाच्या हातात कप दिला.

तिसऱ्या दिवशी चाकांमधले हब वर्कशॉपच्या लेथवर तासून आणले, नवे बेअरिंग ग्रीसमध्ये माखून बसवले, डिस्क चढवल्या. मास्टर सिलेंडरच्या तोंडातली बारकी झडप काढून टाकली. ड्रमला ती लागते, डिस्कला ठेवली तर कॅलिपरमधले पॅड चकती सोडतच नाहीत. चाक लावलं तर रिम कॅलिपरच्या कोपऱ्याला घासायची, तो कोपरा ग्राइंडरनं किंचित उतरवला. चौथ्या दिवशी नळ्यांतली हवा काढायची राहिली होती.

ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पाय हवेवर पडतो, ब्रेकवर नाही. म्हणून एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा सोडायचं बारकं तोंड, पान्यानं अर्धा आटा उघडायचं. बुडबुड्यांसकट ऑइल चिळकांडीसारखं बाहेर येतं. निपल बंद करायचं, मग पाय सोडायचा. पेडलला धाकटी बसली. फिटर पाठीवर झोपून गाडीखाली.

"दाब... धर... सोड. दाब... धर... सोड."

एक बाटली संपली, दुसरी संपली. पेडल दगडासारखं व्हायला हवं होतं. ते कणकेच्या गोळ्यासारखं लागत होतं. फिटरनं सगळे जोड पुसून पाहिले, गळती कुठंच नव्हती. तिसरी बाटली अर्धी झाली. त्याच्या कानात ऑइल गेलं, मानेवर माती चिकटली, आणि आपल्याला एवढंही जमत नाही हे अंगणभर दिसतंय याची त्याला लाज वाटायला लागली.

सासू वाळवण उचलायला आली होती. ती वाकून चाकाकडे बघत म्हणाली, "मी अडाणी बाई, मला काय कळतंय. पण हवा वर जाते ना? मग ते भोक खाली कशाला ठेवलंय?"

फिटर बाहेर आला आणि बघत राहिला. निपल कॅलिपरच्या बुडाशी होतं. उजव्या चाकाचा कॅलिपर डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला लागला होता. हवा वरच्या खोबणीत आरामात बसली होती आणि खालून चांगलं ऑइल वाहून जात होतं.

"मला सकाळीच दिसलं होतं," बादलीवरून म्हातारा म्हणाला.

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"विचारलंत कुठं?"

फिटरनं राग गिळला. गिळायची त्याला सवय होती. कॅलिपर अदलाबदल केले, निपलं वर आली, आणि अर्ध्या तासात पेडल असं झालं की धाकटीच्या पायाखाली दोन बोटं जाऊन घट्ट थांबायला लागलं.

"जड आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे की. पण छान आहे. लागला की लागतोच."

धाकटीचा पाय म्हणजे साधा पाय नव्हता. रोज भरलेले कॅन ओट्यावरून गाडीत चढवून तिच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. गाडी चालवायला ती शेतातल्या वाटेवर शिकली होती. रस्त्यावर मात्र म्हातारा थोरलीला कुणाला हात लावू देत नसे. आणि फिटरचं म्हणाल तर गाडी उघडायला तरबेज, चालवायला शून्य. वर्कशॉपमध्ये यावरून त्याची रोज थट्टा व्हायची. त्यामुळे चार दिवस त्या पेडलवर पडला तो एकच पाय, बायकोचा. तिनं अंगणातून शेताच्या वाटेला गाडी नेली, जोरात आणून दाबली. गाडी जागच्या जागी उभी राहिली, मातीत चाकांचे दोन सरळ चरे उमटले.

"मामा, बसून बघता का?" फिटर म्हणाला.

"तुमचं काम झालं ना? माझं उद्या." म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आत गेला.

त्याच वेळी फिटरला भंगारवाल्याचं बोलणं आठवलं. धरून बसवायला हवं होतं म्हाताऱ्याला. पण चार दिवसांनी काम पुरं झालं होतं, ते बिघडलेलं बघायची त्याची तयारी नव्हती. खरं सांगायचं तर सासरा आत गेला याचं त्याला बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी निघाले. म्हातारा स्टिअरिंगवर, फिटर शेजारी, धाकटी मागे रिकाम्या कॅनांपाशी. म्हाताऱ्यानं दाढी केली होती. चढ नीट गेला. केंद्राकडच्या उताराच्या पहिल्या वळणाला त्यानं पेडल दाबलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू ओळखीच्या घराचं दार आतून कुणी धरून ठेवलंय. गाडी हळू झाली, पण पाहिजे तेवढी नाही. त्यानं गिअर उतरवला. दुसऱ्या वळणाला फिटरनं खाली बघितलं. क्लचवरचा डावा पाय तिथं नव्हता. दोन्ही पाय ब्रेकवर होते, एकावर एक, आणि म्हातारा सीटवरून चार बोटं वर उठला होता.

"मामा, हिला पुढे बोलवू का?"

"का? मी मेलो का?"

सातही वळणं फिटर दाराची कडी धरून बसला. गाडी रिकामी होती म्हणून निभावलं. आपण सासऱ्याच्या हातात गाडी ठेवायला निघालो आणि त्याच्या पायाखालून काढून घेतली, हे त्याला तिसऱ्या वळणाला कळलं.

केंद्राच्या आवारात साहेबानं नळाचं पाणी भरून चोवीस कॅन चढवायला लावले. फाटकापासून माल उतरवायच्या धक्क्यापर्यंत जमीन उतरती होती. धक्क्याच्या अलीकडे त्यानं खडूची रेघ मारली. त्याचा हात इशाऱ्याला वर गेला की दाबायचं, रेघेच्या आत थांबायचं. फिटर उतरून धक्क्यापाशी थांबला. आवारातली पंधरावीस माणसं कामं टाकून उभी राहिली. टेम्पोवाला टेम्पोच्या टपावर चढून बसला, जणू तिकीट काढून आला होता.

थोरली फाटकातून सुटली. हात वर झाला. म्हाताऱ्यानं एकाच पायानं दाबलं. दोन पाय वापरले असते तर कदाचित थांबली असती. पण काचेतून माणसं बघत होती, आणि चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस सीटवरून उठून दोन पायांनी ब्रेक दाबत नसतो. गाडी रेघेवरून गेली, पुढे हातभर गेली, आणि धक्क्याला बंपर टेकवून थांबली. कॅन एकमेकांवर आपटले, पाणी फळ्यांतून गळायला लागलं.

"डिस्क बसवली म्हणे!" टपावरून टेम्पोवाला ओरडला. "नाकापेक्षा मोती जड!"

माणसं हसली. म्हातारा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला. मागून धाकटी नवऱ्याकडे बघत होती. साहेब खिडकीशी आला. "काय झालं? ब्रेक लागत नाहीत का?"

म्हाताऱ्यानं उजवा पाय ब्रेकवरून मागे घेतला.

ब्रेक उत्तम आहेत, हे त्या आवारात फिटरइतकं कुणाला माहीत नव्हतं. चार दिवस, सोललेली बोटं, केसभर चुकलेलं भोक. पण ब्रेक चांगले म्हटले की उरलं काय, तर म्हाताऱ्याचा पाय. फिटर पुढे झाला.

"हवा राहिली असेल, साहेब. माझी चूक. घाईत काढली. दहा मिनिटं द्या." मग खिडकीकडे वळून, "मामा, जरा उतरा. हिला पेडलवर बसू दे, घरी तीच बसली होती."

"चार दिवस काय अंडी उबवली?" कुणीतरी म्हणालं. "पंपाचा मिस्त्री, त्याला ब्रेक काय कळणार!" दुसरं कुणीतरी म्हणालं. फिटर पाना घेऊन ओल्या जमिनीवर झोपला आणि गाडीखाली सरकला. म्हातारा उतरला. तो चाकाजवळ काठी टेकल्यासारखा उभा राहिला, फळीला धरून.

"दाब... धर... सोड. दाब... धर... सोड."

दोन्ही चाकं झाली. फिटर कपडे झटकत बाहेर आला. "आता बघा, साहेब. हीच मागे घेते, बसलीच आहे."

"लायसन आहे का बाईंकडे?"

"आहे ना," धाकटी म्हणाली. "चार वर्षं झाली, डब्यात पडलंय. आज निघताना का कोण जाणे, घेतलं." पदरातून काढून तिनं ते दाखवलंही.

तिनं गाडी फाटकापर्यंत मागे नेली, पुन्हा सुटली. हात वर झाला. थोरली नाक खाली घालून जागीच खिळली. पुढचं चाक आणि रेघ यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपला असता. टेम्पोवाला टपावरून उतरला आणि टेम्पोचा आरसा पुसायला लागला.

"असं आधी करायचं होतं," साहेब फिटरला म्हणाला. "मिस्त्री, काम पुरं करून आणत जा. फुकट म्हाताऱ्या माणसाची फजिती केलीत."

"चुकलं, साहेब," फिटर म्हणाला.

साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं. "उद्यापासून दूध आणा. गाडी कोण आणणार, नाव काय टाकू?"

फिटर बोलायला गेला. काय बोलणार होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण आज तोंडाला सवय लागली होती. म्हातारा त्याच्या आधी बोलला.

"जिच्या पायानं थांबली तिचं टाका."

पाणी ओतून कॅन रिकामे केले. धाकटी स्टिअरिंगवर बसली आणि तिनं बापासाठी शेजारचं दार उघडलं. म्हातारा त्या दारापाशी गेला, आत बघितलं, आणि दार बाहेरून लावून घेतलं. मग तो गाडीच्या मागे आला. मागच्या फळीवरून चढायला गुडघा साथ देईना. फिटरनं वरून हात दिला. हात धरण्याआधी म्हाताऱ्यानं एक क्षण घेतला, मग धरला. चाळीस वर्षांत थोरलीच्या मागच्या बाजूला तो पहिल्यांदा बसत होता.

चढ संपेपर्यंत दोघंही कॅनांना पाठ लावून बसले होते. टेकडीच्या माथ्यावर वारा लागला.

"पाना फिरवलात," म्हातारा म्हणाला. "निपल नाही फिरवलं. ऑइलचा एक थेंब पडला नाही खाली. मी बघत होतो."

फिटरनं रस्त्याकडे तोंड केलं. "तुम्ही बोलला नाहीत."

"आज बोलण्यासारखं नव्हतं." मग तो म्हणाला, "ब्रेक चांगले झालेत. पोरं हसली तुम्हाला. हसायला नको होती."

गावाकडचा उतार सुरू झाला. पहिलं वळण आलं. म्हाताऱ्याचा उजवा पाय फळीवर दाबला गेला आणि तोंडातून निघालं, "आता."

त्याच क्षणी गाडी हळू झाली. वळण संपलं.

दुसऱ्या वळणाआधी रस्ता फसवा होता, सरळ वाटायचा आणि अचानक मोडायचा. नवा माणूस तिथं हमखास उशिरा दाबायचा. म्हातारा मान वर करून थांबला. "आता," तो म्हणाला, आणि त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत गाडीनं नाक खाली घातलं. कॅन वाजलेसुद्धा नाहीत.

"हे तुम्ही सांगितलंत तिला? कुठं दाबायचं ते?"

"मला गाडी कुठं येते, मामा?" फिटर म्हणाला. "लहानपणी तुमच्या शेजारी बसायची ना ती. म्हणते, सगळे खिडकीतून बाहेर बघायचे, मी बाबांच्या पायाकडे बघायचे."

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि तोंडावरून फिरवली. वारा होता, धूळही होती. तिसरं वळण आलं तेव्हा त्यानं 'आता' म्हटलं नाही. पाय जवळ ओढून घेतला आणि जावयाला म्हणाला, "तो कॅन धरा, घसरतोय."